कातळ, विद्युल्लता आणि वाचकांचं मत

"आता एखादं तिखट वाचा," मोकाशी माइकवर हात ठेवून मला म्हणाले. "नुसतं गोड ऐकून लोक पेंगायला लागले."

माइकवर हात नीट बसला नव्हता, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं आणि सभागृहात हशा पिकला. आप्पाही हसले. उज्ज्वला हसली नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसून माझ्या हातातल्या कागदांकडे बघत होती.

कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, रविवारी सकाळी, आमच्या 'चित्रांगण प्रकाशना'चा वाचक मेळावा भरला होता. मोकाशी प्रकाशनाचे मालक, मी तिथं संपादक. निमित्त होतं 'कातळ आणि विद्युल्लता' या जाड चित्रकथा-संग्रहाचं. त्यातला कातळ म्हणजे आप्पांचा, माझ्या वडिलांचा मानसपुत्र. सह्याद्रीच्या कड्यातून निघालेला दगडी अंगाचा वीर. दत्तात्रय बिडकर हे नाव शाळेत चित्रकलेचे मास्तर म्हणून जेवढं माहीत होतं त्याच्या दसपट कातळमुळे माहीत होतं. विद्युल्लता उज्ज्वला गवंडीची. दिवसा दारोदार मीटर वाचत हिंडणारी आणि संकट आलं की खांबावरची वीज अंगात घेऊन उडणारी मुलगी. वाचक तिला लाडानं विजू म्हणायचे. दोघांची मासिकं वेगळी, वाचकही वेगळे. मग मोकाशींच्या डोक्यात आलं, की दोघांना एका गोष्टीत आणू या. कातळची पानं आप्पांनी काढली, विजूची उज्ज्वलानं. दोघं समोरासमोर येतात ती पानं आप्पांच्या पाठदुखीमुळे उज्ज्वलाकडे गेली. ते अंक हातोहात खपले, म्हणून त्यांचा संग्रह काढला.

उज्ज्वला आप्पांचीच विद्यार्थिनी. मुरगूडच्या गवंड्याची मुलगी, शिकायला कोल्हापुरात मामाकडे राहिलेली. आठवीत असताना आप्पांनी तिची वही पाहिली आणि तेव्हापासून दर रविवारी ती आमच्या घरी चित्रं काढायला यायची. आमच्या आईच्या हातचं जेवून जायची. पुढं तिला शाळेत नोकरी लागली, आणि विद्युल्लतेसाठी तिनं ती सोडलीसुद्धा.

मेळाव्यात मी आधी वाचून दाखवलेली वाचकांची मतं गमतीची होती. कराडच्या सहावीतल्या एका मुलीनं कळवलं होतं, 'दोघांची मारामारी अर्धवट सोडली आहे. कोण जिंकलं ते स्पष्ट सांगा, आमच्या वर्गात भांडणं चालू आहेत.' चिपळूणच्या एका निवृत्त तलाठ्यांची तक्रार होती, की कातळ कोकणातून कोल्हापूरला येतो तो घाट नकाशात कुठंच नाही. मालवणच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'विद्युल्लता बिचारी दिवसभर राबते. तिला कुणीतरी एकदा पोटभर जेवायला बसवा.'

पण गेल्या दोनेक महिन्यांत आमच्या संकेतस्थळावर येणाऱ्या मतांचा सूर बदलला होता. विजूची चित्रं कच्ची आहेत, मास्तरांच्या पंक्तीला शिकाऊ मुलगी कशाला बसवली, असं लोक लिहू लागले होते. ती मतं तपासून संकेतस्थळावर चढवायचं काम माझंच. मोकाशी त्यामुळे धास्तावले होते. दुसरा भाग सगळाच बिडकर सरांकडून काढून घ्यावा का, असं ते मला दोनदा विचारून गेले होते. मेळाव्यात वाचकांचा कल बघू आणि ठरवू, असं त्यांचं म्हणणं.

मी पुढचा कागद घेतला. 'एक जुना वाचक, इचलकरंजी' एवढीच सही होती. गडबडीत छापून आणलेला गठ्ठा, सगळा आधी वाचलेला नव्हता.

"'कातळ पानावर उभा राहतो तेव्हा पानाला वजन येतं,'" मी वाचलं. "'याला म्हणतात हात. विद्युल्लतेचं मात्र काय सांगावं? ती उडत नाही. दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसते. चिमटा...'"

माझा आवाज थांबला.

मी लहान असतानाची गोष्ट. आप्पांनी कातळला पहिल्यांदा कड्यावरून झेप घेताना काढलं आणि कागद भिंतीला टेकवून आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "अहो, हा उडतोय कुठं? वाळत घातलाय. चिमटा काढला तर पडेल खाली." आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी ते चित्र पुन्हा काढलं. तेव्हापासून आमच्या घरात फसलेल्या चित्राला 'वाळत घातलेलं' म्हणायचे. मेळाव्याच्या वेळी आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ते वाक्य जगात दोनच माणसांना माहीत आहे, मला आणि आप्पांना, असं मी धरून चालले होते.

मी आप्पांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. काच स्वच्छ होती तरी पुसत होते.

समोर माणसं बसली होती, त्यांतले बरेच आप्पांचे जुने विद्यार्थी. आता मी काय करावं? पाणी प्यायले. कागद खाली ठेवावा आणि दुसरा घ्यावा असं ठरवत होते, तेवढ्यात उज्ज्वला म्हणाली, "वाच की वसूताई. पूर्ण वाच."

"राहू दे गं, असंच काहीतरी आहे."

"नाही, वाच. लोकांनी वेळ काढून लिहिलंय."

मग मी वाचलं. 'चिमटा काढला तर खाली पडेल. दुसऱ्या भागात तरी बिडकरांसारख्या कलावंताच्या खांद्यावर असलं ओझं देऊ नये.' सगळं माझ्याच तोंडून, माइकवरून, शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. कुणीतरी मागं खुदकन हसलं. वाक्य होतंच तसं, हसू येण्यासारखं.

उज्ज्वला उठून उभी राहिली. माइककडे गेली नाही, जागेवरूनच बोलली.

"वाचकांचं म्हणणं बरोबर आहे. दुसरा भाग सरांनी एकट्यानं काढावा. विजू त्यात असली तर सरच तिला काढतील. मी थांबते."

एक बाई म्हणाल्या, "अगं, असं काय?" पण सगळ्यांच्या नजरा आप्पांकडे लागल्या होत्या. तिचे गुरू होते ते. त्यांनी नुसतं 'बस खाली, वेडी कुठली' म्हटलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या.

आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "वाचकांचं मत शेवटी मानावं लागतं, बाळ," ते म्हणाले.

मी तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

*

घरी आल्यावर आप्पांनी सदरा बदलला, आणि ते त्यांच्या चित्रांच्या खोलीत जाऊन बसले. मी पाठोपाठ गेले आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

"आप्पा, हे तुम्ही लिहिलंत."

"कोण म्हणतं?"

"आई म्हणते."

त्यांनी कागद उचलला नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाटलं आता चिडतील, बापाला असलं विचारतेस म्हणतील. कॉम्प्युटरवर मराठी कसं लिहायचं ते मीच त्यांना शिकवलं होतं. शेजारी बसून, एकेक अक्षर. तेव्हा मला किती कौतुक वाटलं होतं, या वयात शिकतायत म्हणून.

"चारच लिहिली," ते शेवटी म्हणाले.

"चार?"

"बाकीची लोकांची आहेत. माझी वाचून सुचलं असेल त्यांना."

"का पण, आप्पा? उज्ज्वला आहे ती. आपल्या घरात वाढली."

त्यांनी शेल्फवरून तो संग्रह काढला. कुठलं पान आहे ते शोधावं लागलं नाही, पुस्तक तिथंच उघडलं. डोंगराच्या माथ्यावर कातळ आणि विजू पाठमोरे बसलेत, लढाई संपलीय, खाली गावातले दिवे लागतायत. कातळचे खांदे किंचित उतरलेले. एवढंच. पण बघताना वाटायचं, हा दगड आता दमलाय.

"हा तिनं काढलाय," आप्पा म्हणाले. "माझा कातळ. तीस वर्षं मी त्याचा दगड काढत बसलो, वसू. नुसते स्नायू आणि आवेश. या पोरीनं एका पाठीत माणूस काढून दाखवला. आणि लोक मला पत्रं पाठवतात, सर, तुमचं हे पान बघून रडू आलं. माझं म्हणून!"

"मग सांगायचं ना, की तिचं आहे."

"तेच तर नाही ना सांगता आलं." ते एकदम थकल्यासारखे दिसले. "पहिलं मत लिहिलं ते रागाच्या भरात. वाटलं कुणी लक्षही देणार नाही. मग तू ते चढवलंस, आणि खाली लोकांनी होकार भरले. बरं वाटलं गं. फार बरं वाटलं."

मला त्यांच्याकडे बघवेना. ते माझे वडील होते आणि खरं बोलत होते, आणि त्यामुळे ते जास्तच असह्य होत होतं.

"उद्या मुरगूडला जायचं," मी म्हटलं.

"तू सांगशील तिला?"

"नाही. तुम्ही."

*

उज्ज्वलाचं घर बाजारपेठेच्या मागं होतं. तिच्या वडिलांनी स्वतः बांधलेलं, अजून बाहेरून गिलावा न केलेलं. वडील कामावर गेले होते. तिची आई, हौसाबाई, आम्हाला दारात बघून गोंधळूनच गेली.

"सर! या की, या. अगं उज्वे, सतरंजी टाक! काय वो सर, निरोप तरी धाडायचा. काय केलं बी न्हाई."

हौसाबाई नवऱ्याच्या हाताखाली विटा-माल वाहायची. सोमवार असूनही त्या दिवशी घरी होती, ताप येऊन गेला होता म्हणून. तरी तिनं चहा केला, पोहे केले, आणि सर नको म्हणतायत तरी पुन्हा बशीत वाढले.

"तुमच्यामुळं पोरगी उभी राहिली, सर," ती म्हणाली. "आम्हास्नी काय कळतंय त्यातलं. आमी म्हणत हुतो नोकरी सोडू नगं. पर ती म्हणाली, सर पाठीशी हाईत."

आप्पांनी घास गिळला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पावसाचं विचारलं. उसाच्या भावाचं विचारलं. गिलावा कधी करणार ते विचारलं. हौसाबाई उत्साहानं सांगत होती आणि आप्पा मान हलवत होते. मला कळत चाललं, की हे असंच होणार. चहा पिऊन आम्ही उठणार, आणि हे काहीएक न बोलता एसटीत बसणार.

उज्ज्वला इतका वेळ दाराशी उभी होती.

"आई, सरांना गूळ द्यायचा म्हणत होतीस ना," ती म्हणाली. "पाटलांच्या गुऱ्हाळावरनं ताजा घेऊन ये की. बघून आण."

"व्हय की! ध्यानातच न्हाई. थांबा हं सर, जायचं न्हाई तवर."

हौसाबाई पदर खोचून गेली. तिची पावलं गल्लीत दूर गेल्यावर उज्ज्वला आमच्यासमोर खाली बसली.

"काकूंचं वाक्य होतं ना ते, सर?"

आप्पांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मी आठवीत होते," ती म्हणाली. "पहिल्यांदा उडणारी बाई काढून आणली होती. तुम्ही आंघोळीला गेला होता, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन काकूंना दाखवली. काकू म्हणाल्या, उजू, ही वाळत घातलीय गं, चिमटा काढला तर पडेल. मला रडूच आलं. मग त्यांनी हातावर लाडू ठेवला आणि सांगितलं, रडू नको, यांचं चित्र बघूनपण मी हेच म्हटलं होतं."

म्हणजे तिला कालच कळलं होतं. माझ्याबरोबरच, त्याच वाक्याला.

"मग पूर्ण वाच का म्हणालीस?" मी विचारलं.

"तू मधेच थांबली असतीस तर लोकांनी विचारलं असतं, का थांबलात म्हणून. तुझा चेहरा बघितला मी. तुला सांगता पण आलं नसतं आणि लपवता पण."

ती आत जाऊन कागद घेऊन आली. संकेतस्थळावरची मतं होती, गावातल्या सायबर कॅफेतून छापून आणलेली. कडा मऊ पडल्या होत्या, इतक्या वेळा हाताळलेल्या. तिनं ते आप्पांच्या पुढ्यात ठेवले आणि वर एक पेन्सिल ठेवली.

"एकच काम करा, सर. ह्यातली तुमची कुठली आणि लोकांची कुठली, तेवढं सांगा. मला आता कळेनासं झालंय. सगळीच खरी वाटतात."

आप्पांनी पेन्सिल घेतली. त्यांनी एका मतावर खूण केली, मग पान उलटून दुसऱ्यावर. तिसरं ते कालचं. चौथ्यापाशी ते थांबले. मग अगदी बारीकशी फुली मारली.

उज्ज्वलानं वाकून बघितलं. मीही पाहिलं. मीच चढवलं होतं ते, काही न वाटता. 'विद्युल्लतेचे हात बघा. हे बाईचे हात आहेत? हे तर गवंड्याचे हात!'

"हे पण तुमचं?" ती म्हणाली.

आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला वाटलं, कुणीतरी परका माणूस आहे. त्याला काय माहीत, असं म्हणायचे मी." तिचा आवाज चढला नाही. "दुसऱ्या भागाची पानं तयार होती, सर. तुम्हाला दाखवायची होती. हे वाचल्यावर मी त्यातले सगळे हात खोडले. पुन्हा काढले, गोरेगोमटे, लांब बोटांचे. ते बघवेनात म्हणून मग पानंच फाडली. आईचे बघून काढले होते ते हात."

बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं.

"तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं का?" तिनं विचारलं. "वाटलं असेल तर चालेल. माझ्या तोंडावर सांगा, मी सुधारेन. तुम्ही कितीतरी वेळा माझा कागद फाडलाय, मला कधी वाईट वाटलं नाही."

"नाही," आप्पा म्हणाले. "तसं नव्हतं वाटलं."

"एकही?"

"एकही नाही. चांगलं होतं, उजू. सगळं चांगलं होतं."

ती मान खाली घालून ते ऐकत राहिली. मला वाटलं होतं, हे ऐकून तिला थोडं तरी बरं वाटेल. तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. ज्या माणसाच्या तोंडून ते ऐकायला तिनं इतकी वर्षं पेन्सिल झिजवली होती, त्याच्या शब्दाला आता किंमत उरली नव्हती, आणि हे आम्हा तिघांनाही त्याच वेळी कळलं.

"मी मोकाशींना सांगतो," आप्पा म्हणाले. "सगळं सांगतो. दुसरा भाग तू काढ. कातळसकट घे."

"नको, सर. कातळ तुमचा. आणि विजू आता माझ्या हातून उतरत नाही."

आप्पांनी मोकाशींना सांगितलं, ते खरं. त्याच आठवड्यात, माझ्यादेखत. मोकाशींनी ऐकून घेतलं, ती चार मतं गुपचूप काढून टाकायला लावली आणि हा विषय पुन्हा काढू नका म्हणाले. दुसरा भाग कुणीच काढला नाही. उज्ज्वला वर्षभरानं हैदराबादला एका कार्टूनच्या कंपनीत गेली. दुसऱ्यांची पात्रं रंगवते, चांगलं चाललंय असं सांगते. दिवाळीला तिचा फोन येतो. आप्पा होते तोवर ती 'सर कसे आहेत' एवढंच विचारायची, आणि मी 'बरे आहेत' म्हणायचे.

पण त्या दिवशी हे पुढचं काही ठाऊक नव्हतं. हौसाबाई लगबगीनं परत आली, धापा टाकत. तिच्या हातात कागदात गुंडाळलेली गुळाची लहानशी ढेप होती.

"एवढा उशीर झाला सर, पर वरचाच आणलाय, पिवळाधमक. बघा की." तिनं कागद बाजूला सारून दाखवला. तिची बोटं जाड होती, नखांच्या कडा सिमेंटनं पांढऱ्या पडलेल्या, तळव्याला भेगा. उज्ज्वलाच्या चित्रात होते तसेच हुबेहूब हात.

"घ्या की," ती म्हणाली. "गुरूला मोकळं धाडू न्हाई."

आप्पांनी दोन्ही हात पुढे केले. ढेप घेताना त्यांचे डोळे तिच्या हातांवरून हलेनात. हौसाबाईला वाटलं, सरांना गूळ फार आवडला. ती हसली.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली. ढेप आप्पांच्या मांडीवर होती. मी पिशवीत टाकते म्हटलं तर त्यांनी दिली नाही. कागलच्या पुढं समोरच्या सीटवरचा एक माणूस सारखा वळून बघायला लागला. चाळिशीचा असेल, हातात शाळकरी मुलीचं दप्तर, शेजारी खिडकीशी मुलगी झोपलेली.

"माफ करा हं," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही कातळवाले बिडकर सर ना? फोटोत बघितलंय तुम्हाला, कालच्या मेळाव्याला यायचं मात्र जमलं नाही. लहानपणापासून वाचतोय तुम्हाला. आता माझी ही पोरगी त्या विजूच्या मागं वेडी आहे. ती उज्ज्वलाताई तुमचीच विद्यार्थिनी ना, सर? केवढा अभिमान वाटत असेल तुम्हाला!"

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या माणसाचा चेहरा आनंदानं फुलला होता, हात मिळवायला त्यानं आपला हात पुढं केला होता.

"नाही," आप्पा म्हणाले. "तुमची चूक होतेय. मी तो नव्हे."

माणूस ओशाळला. माझ्याकडे बघून म्हणाला, "सर नाहीत हे?"

मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हटलं, "नाही."